'इजिप्त'चे सोने आणि नगरची मोड

१

खजिन्याच्या कथेतला कप्तान हा बहुधा नेमून घेतलेला माणूस असतो. नकाशा एकाचा, भांडवल दुसऱ्याचे आणि ज्याचा शोध घ्यायचा ते धन तिसऱ्याच कोणाचे; कप्तानाचे असते ते फक्त कसब आणि जिवाची जोखीम. स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'मधील (१८८३) कप्तान स्मॉलेट मोहिमेचा खरा हेतू आपल्याआधी खलाशांना कळला म्हणून तक्रार करतो. ही तक्रार कथेच्या ओघात सहज विसरली जाते, परंतु साहसकथेची सारी अर्थव्यवस्था तिच्यात उघडी पडते. कोणी कोणाला कशासाठी नेमले, जोखीम कोणाची आणि वाटा कोणाचा, हे प्रश्न साहसकथा पहिल्या काही पानांत उरकते आणि मग समुद्राकडे वळते.

प्रस्तुत लेखात हेच प्रश्न एका प्रत्यक्ष घडलेल्या मोहिमेला विचारावयाचे आहेत. ही मोहीम फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ झाली, तिचे खलाशी इटालियन होते, तिचा खर्च-फायदा लंडनच्या विमेवाल्यांशी जोडलेला होता. पण जे सोने तिने समुद्रतळातून काढले ते मुंबईला यावयाचे होते. ते मुंबईला आले असते तर त्यातले काही देशावरच्या सराफ बाजारांतून, म्हणजे नगरसारख्या गावांच्या पेढ्यांवरून, पुतळ्या आणि बोरमाळा होऊन खेड्यापाड्यांत गेले असते. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेल्या अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४पासून अहिल्यानगर) या कथेशी संबंध तो एवढाच, असे प्रथमदर्शनी वाटेल. तो तेवढाच नाही, हे दाखविणे हा या लेखाचा उद्देश आहे.

२

प्रथम घटना. पी. अँड ओ. कंपनीची 'इजिप्त' ही १८९७ साली बांधलेली बोट मे १९२२मध्ये लंडनहून मुंबईस निघाली. तिच्यावर प्रवासी थोडे होते. खलाशी व नोकरवर्ग त्यांच्या कितीतरी पट होता आणि त्यांतले बहुसंख्य हिंदी होते. बोटीच्या पोटात, मजबूत बांधलेल्या एका अरुंद खोलीत, दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी होते : सुमारे पाच टन सोन्याच्या लगडी, चाळीस टनांहून अधिक चांदी आणि आपल्याकडे 'गिन्नी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सॉव्हरिन नाण्यांच्या पेट्या. २० मे रोजी संध्याकाळी, दाट धुक्यात, उशांत बेटाच्या परिसरात 'सीन' ही फ्रेंच मालवाहू बोट तिच्या कुशीत घुसली. 'सीन'चे नाळेकडचे टोक बर्फ फोडण्यासाठी मुद्दाम बळकट केलेले होते. 'इजिप्त' सुमारे वीस मिनिटांत बुडाली. ऐंशीहून अधिक माणसे मेली.

विमेवाल्यांनी दावे चुकते केले आणि त्या क्षणी समुद्रतळाचे सोने त्यांचे झाले. मुंबईतील ज्या पेढ्यांना ते पोहोचायचे होते त्यांचा हिशेब पुरा झाला. त्या कथेतून बाहेर पडल्या. उरले ते सव्वाशे मीटरांच्या आसपास खोलीवर पडलेले, जागा नक्की ठाऊक नसलेले धन. त्या काळच्या पाणबुड्याचा रबरी पोशाख या खोलीवर निरुपयोगी होता. अनेकांनी प्रयत्न करून सोडून दिल्यावर हे काम जिनोव्हा येथील 'सोरिमा' या कंपनीकडे आले. तिचे प्रमुख जोव्हान्नी क्वाल्या आणि त्यांचे मुख्य पाणबुडे अल्बेर्तो ज्यान्नी. कराराचे तत्त्व सागरी व्यवहारात जुने आहे : सोने निघाले तर वाटा, न निघाले तर काही नाही. यशाच्या बदल्यात निम्म्याच्या आसपास वाटा सोरिमाकडे जाणार होता. अपयशाची किंमत मात्र सर्वस्वी तिची होती.

मोहिमेची मुख्य बोट 'आर्तील्यो'. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ शिकारी पक्ष्याची नखी असा होतो. मुळात ती मासेमारीची वाफेवरची जुनी बोट होती. शोधाची पहिली अडचण तांत्रिक नव्हती, साक्षीची होती. 'इजिप्त'ने बुडताना बिनतारीने कळवलेली जागा, किनाऱ्यावरील केंद्रांनी त्या संदेशाच्या दिशेवरून काढलेली जागा आणि 'सीन'च्या बाजूने सांगितलेली जागा या एकमेकींशी जुळत नव्हत्या. तिघांनीही आपापल्या जागी खरे सांगितले होते. एकाही विधानात बोट मात्र नव्हती. म्हणून सर्व शक्यता सामावतील असा समुद्राचा मोठा चौकोन आखून, दोन बोटींमध्ये दोर ताणून, तळ अक्षरशः विंचरण्यात आला. या कामी एक इटालियन कॅपुचिन साधूही बोलावण्यात आला होता. पाण्याखालचा धातू आपल्याला अंगच्या शक्तीने जाणवतो असा त्याचा दावा होता. आपल्याकडील वाचकाला येथे पायाळू माणसाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. गुप्तधन शोधायला पायाळूला पुढे घालणारा कुणबी अडाणी ठरतो आणि साधूला बोटीवर घेणारा कंत्राटदार सर्व शक्यता तपासणारा ठरतो, हा फरक कृतीतला नसून ती कृती कोणत्या कथेत बसवली जाते त्यातला आहे.

३० ऑगस्ट १९३० रोजी 'इजिप्त' सापडली. हवामान बिघडताच मोहीम थांबवून 'आर्तील्यो'ला दुसरे काम देण्यात आले : पहिल्या महायुद्धात ब्रतान्य किनाऱ्याजवळ बुडालेल्या 'फ्लॉरेन्स एच' या दारूगोळ्याच्या बोटीचे अवशेष सुरुंगाने मोडायचे. ७ डिसेंबर १९३० रोजी, इतकी वर्षे पाण्यात राहून निकामी झाला असे समजलेला तो दारूगोळा पेटला. 'आर्तील्यो' नष्ट झाली. ज्यान्नी, फ्रान्चेस्की आणि बार्जेल्लिनी हे तिघे कसलेले पाणबुडे आणि बोटीवरची बहुतेक माणसे त्यात गेली. सोन्याच्या मोहिमेतले सर्वांत मोठे बलिदान सोन्याजवळ घडलेच नाही; ते दोन हंगामांमधल्या रिकाम्या वेळी, बोट बसून राहू नये म्हणून घेतलेल्या कंत्राटात घडले.

दुसरी बोट सज्ज करून, तिलाही 'आर्तील्यो'चेच नाव देऊन, काम पुढे चालू झाले. पद्धत अशी होती : एका माणसाला जाड काचांच्या झरोक्यांच्या लोखंडी कोशात बसवून तळाशी सोडायचे. त्याला हात हलवता येत नसत. तो फक्त पाहायचा आणि टेलिफोनवरून सांगायचा. त्याच्या सांगण्यावरून वर डेकवरची माणसे यारीने सुरुंग किंवा लोखंडी पंजा इंचाइंचाने सरकवायची. या साऱ्या काळात बोट नांगर-बोयांना चहूबाजूंनी बांधून एका बिंदूवर खिळवून ठेवणे हे कप्तानाचे काम. अटलांटिकच्या लाटेवर बोट काही हात सरकली की खालच्या माणसाचे पाहणे आणि वरच्या माणसाचे करणे यांचा संबंध तुटे. सोन्याच्या खोलीपर्यंत पोहोचण्यासाठी बोटीचे मजले एकामागून एक फोडावे लागले. अखेर २२ जून १९३२ रोजी पंजातून गिन्न्या आणि लगडी वर आल्या. १९३५पर्यंत बहुतेक सारे सोने निघाले.

३

या मोहिमेची कथा आपल्याला इतकी तपशीलवार ठाऊक आहे याचे कारण ती सांगण्याची व्यवस्था आधीच झालेली होती. लंडनच्या 'टाइम्स'चा बातमीदार डेव्हिड स्कॉट प्रत्यक्ष बोटीवर होता. त्याची दोन पुस्तके अनुक्रमे १९३१ आणि १९३२ साली निघाली. म्हणजे पहिले पुस्तक सोने हाती येण्यापूर्वीच वाचकांच्या हाती आले होते. साहसाचे आख्यान हा साहसाचा नंतरचा उपपदार्थ नसून त्याच व्यवहाराचा एक भाग आहे, हे येथे स्पष्ट दिसते. ज्याला कथनमीमांसा दृष्टिकेंद्र म्हणते त्याची इतकी नेटकी वाटणी क्वचित आढळते : पाहणारा तळाशी, करणारे डेकवर, लिहिणारा त्यांच्या शेजारी आणि वाचणारा लंडनमध्ये.

या वाटणीत कोण नाही हे पाहिले पाहिजे. पी. अँड ओ.च्या बोटींवर त्या काळी कामाची एक रूढ विभागणी होती : डेकवर कोकण-गुजरातच्या किनाऱ्याचे खलाशी, बॉयलरच्या आगीपाशी पंजाबी व पठाण, भोजनगृहात गोवेकर. हे सारे मुंबईत सारंगामार्फत आणि दलालामार्फत नेमलेले असत. तेही नेमून घेतलेलेच; परंतु त्यांच्या करारात वाट्याचे कलम नव्हते, महिन्याचा पगार होता. 'इजिप्त' बुडाल्यावर इंग्रजी वृत्तपत्रांतून हिंदी खलाशांच्या घबराटीवर बरेच लिहिले गेले. चौकशीअंती मात्र कप्तानाचे प्रमाणपत्र काही आठवड्यांसाठी निलंबित झाले आणि होड्या सोडण्याच्या सरावातील ढिलाईवर ठपका आला. म्हणजे ज्यांना संकटात काय करायचे हे नीट शिकवले गेले नव्हते त्यांच्यावर ते न केल्याचा आरोप प्रथम आला. दहा वर्षांनी त्याच बोटीचे मजले फोडले जात असता आख्यानाची नजर सोन्याच्या खोलीकडे लागलेली होती. वाटेत लागलेल्या खलाशांच्या कोठड्या तिच्या लेखी केवळ अडथळे होत्या.

पंजाने सोन्याआधी जे वर आणले त्यात एक चमत्कारिक वस्तू होती : हैदराबाद संस्थानच्या सरकारसाठी इंग्लंडात छापलेल्या, चलनात न आलेल्या नोटांचे गठ्ठे. निजामच्या राज्यात कागदी चलन १९१८ साली सुरू झाले होते आणि त्याच्या नोटा इंग्लंडात छापल्या जात. अहमदनगर जिल्ह्याच्या पूर्वेला आणि उत्तरेला निजामची हद्द १९४८पर्यंत लागून होती. जामखेड, पाथर्डी, शेवगाव, नेवासे या बाजूंच्या लोकांना पलीकडच्या बाजारात हाली सिक्का आणि अलीकडे कंपनी रुपया असा दुहेरी हिशेब नित्याचा होता. त्या नोटा हैदराबादेस पोहोचल्या असत्या तर त्यांतल्या काही बीडच्या बाजारातून या हद्दीवर आल्या असत्या. समुद्राच्या पाण्यात दहा वर्षे राहूनही कागद टिकला, किंमत टिकली नाही. किंमत कागदात नसतेच. ती सरकारच्या वचनात असते. आज त्या नोटा संग्राहकांच्या कुतूहलाचा विषय आहेत. सोन्याचे तसे झाले नाही. ते भिजले तरी सोनेच राहिले. आपल्याकडचा शेतकरी कागदावर विश्वास न ठेवता सोन्यावर का ठेवतो, या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांनी बरेच लिहिले आहे. पंजाच्या त्या एका खेपेत त्याचे उत्तर होते.

४

आता नगरकडे वळू. या जिल्ह्याच्या लोकस्मृतीत धन म्हटले की निजामशाही आठवते. १५९५-९६च्या वेढ्यात गोळे संपल्यावर चांदबिबीने सोन्यारुप्याची नाणी तोफांतून डागली, ही आख्यायिका आजही सांगितली जाते. पडक्या गढीखाली हंडा, हंड्यावर नाग, नागाला वळवणारा पायाळू, हा कथाबंध तर सर्व महाराष्ट्राचा आहे. या कथांचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांत धन नेहमी दुसऱ्याचे, राजाचे किंवा पूर्वजाचे असते. सांगणाऱ्याच्या स्वतःच्या घरातल्या चार तोळ्यांना ही कथा कधी खजिना म्हणत नाही.

कायद्याने मात्र एक व्याख्या केली. १८७८चा निधीविषयक कायदा जमिनीत वा जमिनीशी जडलेल्या कोणत्याही वस्तूत दडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या धनाची वर्दी कलेक्टरला देणे बंधनकारक करतो. धन बेवारस ठरले आणि वाद नसला तर तीन हिस्से सापडविणाऱ्याला आणि एक हिस्सा जागेच्या मालकाला देतो. हा कायदा झाला ते वर्ष सूचक आहे. १८७५च्या मे-जूनमध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत, नगरकडे विशेषतः श्रीगोंदे, पारनेर, नगर आणि कर्जत या तालुक्यांत, कुणब्यांनी सावकारांची खते जाळली होती. त्यानंतर १८७६-७८चा दुष्काळ आला. १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा स्वतंत्र कायदा झाला. खतांच्या होळीत जाळले गेले ते कागद. दुष्काळात वितळले ते दागिने. त्या दुष्काळात मुंबईच्या टांकसाळीत दागिन्यांची चांदी मोठ्या प्रमाणावर आली. दौंड-मनमाड लोहमार्ग याच जिल्ह्याच्या मधून गेला आणि १८७८ साली सुरू झाला. त्याच्या मातीकामावर दुष्काळी मजूर होते. ज्या वाटेने पुढे धान्य आत आले आणि मोड बाहेर गेली ती वाट ज्यांची मोड गेली त्यांनीच खणलेली होती.

'मोड' हा सराफी शब्द येथे नीट समजून घेतला पाहिजे. दागिना विकायला नेला की त्याची घडणावळ शून्य होते. लाख, दोरा, खडे वजा होतात, डाकाची तूट धरली जाते आणि कसोटीवर उतरेल तेवढेच सोने मोजले जाते. बोरमाळ, वज्रटीक, पुतळ्यांची माळ ही नावे काट्याच्या पारड्यात संपतात. उरते ते वजन. मोड ही केवळ आर्थिक क्रिया नाही, ती नाव पुसण्याची क्रिया आहे. कोणाच्या लग्नात आले, कोणाच्या आजेसासूने ठेवले, कोणत्या दुष्काळात गहाण पडून सुटले, हा दागिन्याचा सारा इतिहास मुशीत जातो.

चांदीच्या बाबतीत तर मुशीचीही गरज उरली नाही. १८९३ साली सरकारने टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीस बंद केल्या. तोपर्यंत वाळे-तोडे म्हणजे जवळजवळ रुपयेच होते. नेऊन टाकले की थोड्या तुटीने नाणे मिळे. त्यानंतर चांदी आणि रुपया यांची फारकत झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत नगरच्या कुणबिणीने पायांतले काढले तेव्हा त्याची किंमत तिच्या सासूला १८७७ साली मिळाली त्या मानाने घसरलेली होती. कोणतीही टक्कर न होता, कोणतेही धुके न पडता, एका कायद्याने घराघरांतली चांदी बुडाली. तिचा विमा उतरलेला नव्हता.

५

या पार्श्वभूमीवर १९३२चे वर्ष पाहावयाचे आहे. १९२९नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यापर्यंत कोसळले. सारा, व्याज आणि खंड मात्र रोकड रकमेत ठरलेले होते. पूर्वी एक गाडी ज्वारी-बाजरी विकून जो हप्ता भागे त्याला आता दोन गाड्या लागू लागल्या. अशातच २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले आणि रुपया दीड शिलिंगाच्या दराने पौंडाशी बांधलेला ठेवण्यात आला. १९२७च्या कायद्याने सोन्याचा दर तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै या पायावर ठरला होता. आता बाजारात तो झपाट्याने चढत तिशीच्या घरात गेला. शेतमाल स्वस्त आणि सोने महाग, अशा कात्रीत सापडलेल्या माणसाने काय करावे हे कोणी सांगावे लागले नाही. सोने गावातून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याच्या सराफाकडे आणि तेथून मुंबईला निघाले. मुंबईत ते आटवून, लगडी पाडून, दर आठवड्याच्या डाकबोटीने लंडनला जाऊ लागले.

१९३२-३३ या एका वर्षात साठ कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने अशा रीतीने देशाबाहेर गेले. १९३९पर्यंत ही बेरीज तीनशे कोटींच्या पुढे गेली. 'इजिप्त'वरील सारा ऐवज, सोने आणि चांदी मिळून, दीड शिलिंगाच्या दराने मोजला तर सुमारे एक कोटी चाळीस लाख रुपये होतो. अर्थात, ज्या धनासाठी दहा वर्षे प्रयत्न झाले, एक बोट उडाली, डझनभर माणसे गेली आणि दोन पुस्तके लिहिली गेली, ते धन त्या वर्षीच्या मुंबईच्या आठ-दहा दिवसांच्या निर्यातीहून फारसे अधिक नव्हते. मुंबईकडे येताना बुडालेले सोने समुद्रातून निघून लंडनला पोहोचत असताना, मुंबईहून निघालेले सोने त्याच पी. अँड ओ.च्या मार्गाने, त्याच उशांत बेटाला वळसा घालून लंडनला पोहोचत होते. एका सोन्याला खजिना म्हटले गेले, दुसऱ्याला काय म्हटले गेले?

त्यालाही खजिनाच म्हटले गेले, आणि येथेच या दोन घटना एका आख्यानात येतात. हिंदुस्थान हा मौल्यवान धातू गिळून बसणारा देश आहे, त्याचे सोने निष्क्रिय पडून आहे, ही कल्पना इंग्रजी अर्थविचारात मुरलेली होती. हिंदी चलनावरील केन्सच्या १९१३च्या ग्रंथातही सोने साठविण्याच्या हिंदी सवयीबद्दलची नापसंती स्पष्ट आहे. १९३२च्या आरंभी ब्रिटिश अर्थमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांनी खाजगी पत्रात हिंदुस्थानातून येणाऱ्या सोन्याला नव्याने गवसलेल्या खाणीची उपमा दिली. खाण गवसते, खजिना सापडतो. या क्रियापदांत मालक नसतो. कुणब्याचे सोने त्याच्या घरात असते तेव्हा ते 'साठा', म्हणजे दोष. ते लंडनला पोहोचते तेव्हा ती 'शोधाची' फलप्राप्ती. मधल्या प्रवासाला, म्हणजे गळ्यातून काढण्यापासून मुशीत टाकण्यापर्यंतच्या प्रवासाला, या शब्दसंग्रहात नाव नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात आणि १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढील साक्षीत चलनाच्या प्रश्नाला जो केंद्रबिंदू दिला तो येथे आठवतो : रुपया सोन्याच्या किती दराने बांधला जातो यापेक्षा तो घेऊन बाजारात जाणाऱ्या माणसाच्या हाती काय पडते हा प्रश्न महत्त्वाचा. धातूच्या गोष्टीत माणूस परत आणण्याचा तो प्रयत्न होता. साहित्यविचाराला हाच प्रयत्न दुसऱ्या मार्गाने करावा लागतो.

६

एक आक्षेप येथे गृहीत धरला पाहिजे. 'आर्तील्यो'च्या माणसांनी अलौकिक धैर्य दाखवले आणि त्यांचे आख्यान लिहिले गेले, यात अन्याय तो कोणता? अन्याय त्यांच्याकडून नाहीच. ज्यान्नी हा व्हियारेज्जोचा गरीब पाणबुडा होता. सोन्याचा मालक नव्हता. कोशात बसलेला माणूस, यारीवरचा माणूस, बोट खिळवून धरणारा कप्तान, हे सारे जोखीम विकणारे लोक होते; त्यांचे नाते लंडनच्या विमेवाल्यापेक्षा नगरच्या कुणब्याशी अधिक जवळचे होते. फरक इतकाच की त्यांच्या जोखमीला कथेचा आकार होता : आरंभ, अडथळा, मृत्यू, पुनरारंभ आणि प्राप्ती. कुणब्याच्या जोखमीला हा आकार नाही. ती दरवर्षी मृगापासून नव्याने सुरू होते आणि तिच्या शेवटी काही सापडत नाही, काहीतरी जाते. जाण्याची कथा सांगायला साहसकथेचा साचा उपयोगी पडत नाही.

मराठी साहित्याने हे साचे शोधले नाहीत असे नाही. जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) कर्जाच्या यंत्रणेचे वर्णन आहे. हरिभाऊ आपट्यांच्या 'काळ तर मोठा कठीण आला' या कथेत दुष्काळाचा प्रवास आहे. परंतु १९३०नंतरच्या ज्या वर्षांत सोने गावोगावहून बाहेर पडत होते, त्या वर्षांतली आपली नामांकित कादंबरी बहुतांशी शहरातल्या दिवाणखान्यात होती, आणि त्या दिवाणखान्यातून सराफाचे दुकान खरेदीसाठीच दिसत असे.

तेव्हा दागिन्याचे आख्यान सांगितले कोणी? जात्यावर बसणाऱ्या बाईने. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांमध्ये पुतळ्या, डोरले, गोठ, पाटल्या पुन्हापुन्हा येतात. ओवीत दागिन्याचे वजन नसते. देणारा भाऊ असतो, बाप असतो, माहेरची वाट असते. सराफाच्या काट्याने जे पुसले तेच नेमके ओवीने धरून ठेवले. म्हणून ओवीला केवळ भावगेयता म्हणून बाजूला ठेवणे समीक्षेला परवडणारे नाही. सराफाची वही आणि जात्यावरची ओवी या एकाच वस्तूच्या दोन संहिता आहेत. एकीत वस्तूला नाव नाही, दुसरीत तिला भाव नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या तरच १९३२ साली नगरच्या पेढीवर काय घडले ते वाचता येते.

७

'आर्तील्यो'च्या शोधाची पद्धत या वाचनासाठी काही शिकवते. तीन साक्षी जुळल्या नाहीत तेव्हा शोधकांनी त्यांतली एक खरी ठरवून बाकीच्या फेकल्या नाहीत. तिन्ही सामावतील एवढा चौकोन आखला आणि तो विंचरला. आपल्या विषयातही साक्षी जुळत नाहीत. दंगलीच्या चौकशीचा अहवाल कुणब्याच्या कर्जाची कारणे मोजतो, जकातीची नोंद फक्त बंदर आणि वजन सांगते, अर्थमंत्री खाण पाहतो, ओवी भाऊ पाहते. यांपैकी कोणतीही एक खोटी म्हणून बाजूला सारता येत नाही, आणि कोणत्याही एकीत ती बाई नाही, जिने सारा भरायच्या दिवशी गळ्यातली माळ काढून नवऱ्याच्या हातात दिली.

खजिन्याच्या कथेत कप्तानाला निदान विचारता तरी येते की आपल्याला कशासाठी नेमले. मुंबईच्या मुशीत पडलेल्या सोन्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारणारा कोणी नव्हता, कारण तेथे कोणी कोणाला नेमलेच नव्हते. हप्त्याची तारीख होती, बाजाराचा दर होता आणि दौंडकडे जाणारी गाडी होती. 'इजिप्त'चे बहुतेक सोने १९३५पर्यंत मोजून, वाटून, पावत्या होऊन गेले. ती कथा पुरी झाली. नगरची मोड कोणाच्या नावावर जमा झाली याचा हिशेब मात्र अजून साहित्याच्या आणि इतिहासाच्या वहीत मांडायचा आहे.